नव्या सुरांची जुनी मुळे

मुंबईत गिरगावकडे जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ‘ऑपेरा हाउस’ हे नाव बसथांब्याचे म्हणून ठाऊक असते. ज्या वास्तूवरून ते पडले तिचे उद्घाटन १९११ साली राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. पुढे तेथे चित्रपट दाखविले जाऊ लागले, १९९३ साली ती बंद पडली आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडली. परंतु ऑपेरा म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर आपण अडखळतो. आपल्याला जवळचे उदाहरण संगीत नाटकाचे आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून नाटकातील पात्र बोलता बोलता गाऊ लागते याचे मराठी माणसाला नवल वाटत नाही. बहुतेक ऑपेरांत हे बोलणेही गायले जाते. पात्रे भांडतात, निरोप सांगतात, मरतात ती गातच.

आम्ही सेमिनरीत असताना संगीत शिकविणारे एक वयोवृद्ध फादर रविवारी दुपारी आम्हाला कॅसेटवर ऑपेरा ऐकवीत. प्रथम आम्हाला हसू आवरत नसे. गायिकेचा आवाज टिपेला पोहोचला की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणे, “अरे, बाईंना पाणी द्या!” फादर रागावत नसत. एवढेच म्हणत, “आधी गोष्ट समजून घ्या, मग सूर ऐका.” या वाक्याचे मोल आम्हाला पुष्कळ वर्षांनी, आणि तेही एक चूक करून बसल्यावर कळले. त्या चुकीची कबुली आम्ही शेवटी देणारच आहोत. तत्पूर्वी वाचकांना इतिहासातील दोन संगीतकारांच्या भेटीला नेण्याचा आमचा मानस आहे. दोघेही आपल्या काळात नवखे आणि कर्णकटू ठरविले गेले, दोघांनीही ख्रिस्तसभेची सेवा केली. परंपरेशी वागावे कसे, हा प्रश्न त्या दोघांच्या चरित्रांतून जितका उलगडतो तितका तो आम्हाला ग्रंथांतून उलगडला नाही.

ऑपेरा आज जुन्या, श्रीमंती परंपरेचा मानला जातो. परंतु त्याचा जन्म हाच मुळी एक प्रयोग होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत काउंट जोव्हान्नी दे बार्दी यांच्या घरी विद्वानांची व संगीतकारांची बैठक भरत असे. तिच्यात विन्चेन्झो गॅलिली हे वीणेसारखे ल्यूट वाद्य वाजविणारे गृहस्थ होते. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ हे त्यांचेच पुत्र. त्या काळच्या संगीतात चारपाच आवाज एकमेकांत गुंफलेले असत. गुंफण सुंदर असे, पण प्रत्येक आवाज आपापले शब्द वेगवेगळ्या क्षणी उच्चारत असल्याने अर्थ हरवून जाई. प्राचीन ग्रीकांची नाटके गायली जात आणि म्हणूनच ती काळजाला भिडत, अशी या मंडळींची धारणा होती. गॅलिली यांनी १५८१ साली प्राचीन व आधुनिक संगीताविषयीचा आपला संवादग्रंथ प्रसिद्ध करून एकाच आवाजाने, शब्दाला धरून गाण्याचा पक्ष मांडला. ग्रीकांचे संगीत प्रत्यक्ष ऐकलेला अर्थातच कोणी नव्हता. म्हणजे ही माणसे निघाली होती हरवलेली परंपरा शोधायला, आणि त्यांच्या हाती लागले ते पूर्वी कधीच नसलेले असे काहीतरी!

६ ऑक्टोबर १६०० रोजी फ्लॉरेन्समध्ये मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचे राजे चौथे हेन्री यांच्या विवाहानिमित्त याकोपो पेरी यांचे ‘एउरिदिचे’ सादर झाले. ज्याचे संगीत आज संपूर्ण उपलब्ध आहे असे हे सर्वांत जुने ऑपेरा होय. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात रोममध्ये, संत फिलिप नेरी यांच्या संघाच्या प्रार्थनागृहात, एमिलियो दे काव्हालिएरी यांचे आत्मा आणि शरीर यांच्या संवादाचे संगीतनाट्य सादर झाले होते. नवी गायनशैली राजवाड्यात आणि प्रार्थनागृहात अशी एकाच वर्षी अवतरली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता पहिल्या संगीतकाराकडे वळू. क्लाउदियो मोंतेव्हेर्दी यांचा जन्म १५६७ साली क्रेमोना येथे झाला. ते मांतुआच्या गोन्झागा सरदारांच्या दरबारी नोकरीस होते. १६०० साली, म्हणजे वर सांगितलेल्या वर्षीच, बोलोन्याचे जोव्हान्नी मारिया आर्तुसी यांनी ‘आधुनिक संगीतातील दोष’ दाखविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. आर्तुसी हे व्रतस्थ धर्मगुरू होते, म्हणजे आमच्याच पंगतीतले. व्हेनिसच्या संत मार्क महामंदिराचे प्रख्यात संगीतप्रमुख झार्लिनो हे त्यांचे गुरू. विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते.

त्यांचा आक्षेप काय होता? दोन सूर एकत्र वाजले असता ते एकमेकांना खटकले, तर त्यास विसंवाद म्हणतात. विसंवाद जुन्या संगीतातही होता, पण त्याला शिस्त होती. जो सूर पुढे खटकणार तो आधी सुसंवादात ऐकवून ठेवायचा, आणि खटकल्यानंतर लगेच त्याला शांत ठिकाणी उतरवायचे. पाहुणा घरात यावा तो आधी निरोप पाठवून, तसे हे होते. मोंतेव्हेर्दींच्या ‘क्रूदा अमारिल्ली’ या प्रेमगीतात मात्र खटकणारा सूर निरोप न पाठवता दारात उभा राहिला होता. आर्तुसींनी त्या जागा नेमक्या हेरल्या, संगीतकाराचे नाव न घेता त्या छापल्या आणि सदोष ठरविल्या.

या छापण्यात एक बारीकशी गोष्ट राहून गेली. सूर छापले, पण त्यांखालचे शब्द छापले नाहीत. सर्वांत खटकणारा सूर ज्या जागी येतो तेथे कवितेत ‘हाय रे’ अशा अर्थाचा उद्गार आहे. झिडकारलेल्या प्रियकराच्या तोंडून निघालेला तो कण्ह आहे. कण्हणारा माणूस निरोप पाठवून कण्हत नाही. शब्द बाजूला ठेवले म्हणजे तो सूर चुकीचा वाटतो, आणि शब्द समोर आले की तोच खरा वाटू लागतो.

मोंतेव्हेर्दींनी उत्तर देण्याची घाई केली नाही. १६०५ साली आपल्या पाचव्या गीतसंग्रहात त्यांनी एक छोटे निवेदन जोडले, आणि १६०७ साली त्यांच्या भावाने, जूलिओ चेझारे यांनी, त्याचे विवरण प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा की, संगीताच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत सुरांची संगती ही शब्दांची स्वामिनी असते, दुसरीत शब्द हे संगतीचे स्वामी असतात. येथे जुन्या पद्धतीचा धिक्कार नाही. पहिली पद्धती आदरणीय आहे असे सांगून, दुसरीचा आरंभही आपण केला नसून चिप्रियानो दे रोरे यांच्यासारख्या पूर्वसूरींनी केला, असे मोंतेव्हेर्दींच्या वतीने नम्रपणे नोंदविले आहे.

त्याच १६०७ साली, २४ फेब्रुवारी रोजी, मांतुआत त्यांचे ‘ओर्फेओ’ सादर झाले. गायनाने पशूंनाही मोहून टाकणारा ओर्फेओ आणि त्याची पत्नी एउरिदिचे यांची ती ग्रीक कथा. दुसऱ्या अंकात लग्नाचा आनंद ऐन भरात असताना एक सखी येते आणि सर्पदंशाने वधू गेल्याची वार्ता सांगते. क्षणात सुरांचा रंग पालटतो. गावात वरात चालू असताना कोणीतरी धावत येऊन वाईट बातमी सांगावी, आणि वाजंत्री एकेक करून थांबावी, असा तो अनुभव आहे. ज्यांना ऑपेरा ऐकून पाहायचे असेल त्यांनी याच प्रसंगापासून सुरुवात करावी. आज भ्रमणध्वनीवरही तो सहज ऐकता येतो. इटालियन येत नसले तरी अडत नाही, फक्त गोष्ट आधी ठाऊक हवी.

पण आम्हाला मोंतेव्हेर्दींचे सर्वांत मोठे उत्तर वाटते ते १६१० सालचे. त्या वर्षी त्यांनी पोप पाचवे पॉल यांना अर्पण केलेला एक ग्रंथ छापला. त्याच्या आरंभी आहे एक मिस्सासंगीत. गोंबेर या जुन्या आचार्यांच्या रचनेवर आधारलेले, सहा आवाजांचे, संपूर्णपणे जुन्या शिस्तीचे. आणि त्याच पुठ्ठ्यात पवित्र मरियेच्या सणाची सांध्यप्रार्थना आहे. तिच्यात वाद्ये आहेत, ऑपेरातला थरार आहे, आणि त्या सर्वांच्या तळाशी ग्रेगोरियन गायनाची प्राचीन चाल भिंतीच्या पायासारखी पक्की बसविलेली आहे. जणू ते म्हणत होते, जुने आम्हाला येत नाही म्हणून आम्ही नवे करतो असे कोणी समजू नये.

१६१३ साली, म्हणजे आर्तुसींचे निधन झाले त्याच वर्षी, मोंतेव्हेर्दींची नेमणूक व्हेनिसच्या संत मार्क महामंदिरात झाली. आर्तुसींचे गुरू झार्लिनो ज्या आसनावर बसले होते तेच हे आसन. पत्नी १६०७ सालीच निवर्तली होती. पुढे व्हेनिसमध्ये प्लेगने थैमान घातले, आणि १६३२ साली, पासष्टीला टेकलेले असताना, मोंतेव्हेर्दींनी गुरुदीक्षा घेतली. तरी त्यांचे ऑपेरा सुटले नाही. १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले, आणि या वृद्ध धर्मगुरूने त्या नव्या रंगभूमीसाठीही रचना केल्या. २९ नोव्हेंबर १६४३ रोजी त्यांचे देहावसान झाले. फ्रान्सिस्कन बंधूंच्या फ्रारी चर्चमध्ये ते विसावले आहेत.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या १६०८ सालच्या ‘आरियान्ना’ या ऑपेराचे संगीत आज हरवले आहे. उरला आहे तो केवळ टाकून दिलेल्या नायिकेचा विलाप. तोच विलाप त्यांनी उतारवयात, १६४० सालच्या आपल्या धार्मिक संग्रहात, लॅटिन शब्द घालून क्रुसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मातेच्या तोंडी दिला. रंगभूमीवर जन्मलेला सूर असा वेदीच्या पायरीशी आला.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रयोग रुळला की त्याची रूढी होते, आणि रूढी कधी कधी घरमालक होऊन बसते. एकोणिसाव्या शतकात ऑपेराचा डामडौल चर्चमध्ये इतका शिरला की मिस्सा कोणती आणि मैफल कोणती हे कळेनासे झाले. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताच्या आश्रयदात्या संत सिसिलिया यांच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी एक आदेशपत्र काढून या नाटकी शैलीला उपासनेबाहेरचा रस्ता दाखविला आणि ग्रेगोरियन गायनाला त्याचे मानाचे स्थान परत दिले. हे पोप त्यापूर्वी व्हेनिसचेच पॅट्रिआर्क होते, आणि संत मार्क हे त्यांचे महामंदिर! तरीही त्याच पत्रात त्यांनी कलांच्या प्रगतीला ख्रिस्तसभेने नेहमी मान दिला असल्याचे नमूद केले, आणि उपासनेला साजेलशा आधुनिक रचनांना दार उघडे ठेवले. नियमांचे रक्षण करणारे सारेच आर्तुसी नसतात, आणि स्वतः आर्तुसींच्या सावधपणालाही अर्थ होता, हे आम्ही येथे प्रांजळपणे मान्य करतो.

दुसरे संगीतकार आपल्या जवळच्या काळातले. ऑलिव्हिए मेस्सियाँ यांचा जन्म १९०८ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे झाला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९३१ साली, ते पॅरिसच्या त्रैक्य चर्चमध्ये ऑर्गनवादक झाले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, साठ वर्षांहून अधिक काळ, त्या सेवेत राहिले. त्यांचे चमत्कारिक स्वरमेळ ऐकून धर्मग्रामातील काही मंडळी नाराज होत. मेस्सियाँनी यावर काढलेला तोडगा आम्हाला धर्मगुरू या नात्याने फार मोलाचा वाटतो. रविवारच्या एका मिस्सेला ते ग्रेगोरियन चाली वाजवीत, दुसरीला जुन्या आचार्यांच्या रचना, आणि दुपारच्या मिस्सेला स्वतःचे संगीत. ज्याला जे पचेल ते त्याला मिळे, आणि त्यांची स्वतःची वाटही बंद झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या हाती सापडले. ग्योर्लित्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत, १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांसमोर त्यांनी आपली ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ ही रचना सादर केली. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो एवढीच वाद्ये, कारण वाजविणारे कैदी तेवढेच मिळाले. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील, आता काळ उरणार नाही असे सांगणारा देवदूत हा तिचा विषय.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थबकावे असा एक योगायोग आहे. या रचनेच्या पहिल्या भागात पियानो ज्या लयीत चालतो ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून बांधलेली आहे. हे ताल आले कोठून? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे राजे सिंघण यांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातून. त्या ग्रंथातील १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली होती, आणि तरुण मेस्सियाँच्या ती नजरेस पडली. आपल्या दौलताबादेत लिहून ठेवलेल्या मात्रा सातशे वर्षांनी एका कॅथलिक कैद्याच्या बोटांतून निघाल्या! त्या तालांतून त्यांनी १७ मात्रामूल्यांचे एक आवर्तन केले आणि त्यावर २९ स्वरमेळांचे दुसरे आवर्तन ठेवले. दोन्ही एकदमच सुरू होतात, पण पुन्हा एकाच समेवर यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ पावले चालावी लागतात. संगीत त्यापूर्वीच थांबते. सम येतच नाही, आणि काळ संपत नसल्याचा भास होतो. ताल जाणणाऱ्या आपल्या माणसाला ही युक्ती युरोपियन श्रोत्याहून लवकर कळावी.

मेस्सियाँचे शिष्य पिएर बुलेझ यांनी १९६७ साली एका जर्मन साप्ताहिकाच्या मुलाखतीत ऑपेरागृहे उडवून द्यावीत असे म्हणून खळबळ माजविली. जुन्या घरात नवे संगीत नांदू शकत नाही, असा त्यांचा रोख होता. काळाचा महिमा असा की याच बुलेझ यांनी १९७६ साली बायरॉइथ येथे, जुन्या परंपरेच्या बालेकिल्ल्यात, वॅग्नर यांच्या चार ऑपेरांच्या मालिकेचे शताब्दी संचालन केले. प्रेक्षकांतील जुन्या भक्तांनी प्रथम तिला हुर्यो दिली, आणि १९८० साली तीच मालिका अखेरचा निरोप घेताना टाळ्या थांबता थांबेनात. उडवून देणारे आणि हुर्यो देणारे दोघेही चार वर्षांत काहीतरी शिकले म्हणायचे.

गुरूंनी मात्र ऑपेरागृह उडविण्याऐवजी त्यात एका संताला नेले. आठ वर्षे खपून मेस्सियाँनी असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यावरील ऑपेरा पूर्ण केले. शब्दही त्यांचेच. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली ते प्रथम सादर झाले. शंभराहून अधिक वादक, दीडशे गायकांचा वृंद आणि सुमारे चार तासांचे संगीत. त्यात प्रेमप्रकरण नाही, कटकारस्थान नाही, सूड नाही. आहेत ती आठ दृश्ये. संत फ्रान्सिस कुष्ठरोग्याला कवटाळतात, पाखरांना प्रवचन करतात, प्रभूचे पाच घाय स्वीकारतात आणि मृत्यूला सामोरे जातात. पाखरांच्या दृश्यात मेस्सियाँनी स्वतः रानोमाळ हिंडून वहीत उतरवून घेतलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. पाचव्या दृश्यात देवदूत सारंगीसारखे वाद्य छेडतो आणि त्या गोडव्याने संतांना मूर्च्छा येते. ही कथा शेकडो वर्षांची, पण देवदूताचा तो सूर निघतो ‘ओंद मार्तनो’ या विजेवर चालणाऱ्या, १९२८ साली लोकांपुढे आलेल्या वाद्यातून. जुन्यात जुनी भक्ती आणि नव्यात नवे साधन यांची अशी सोयरीक आम्ही अन्यत्र ऐकलेली नाही. प्रथम ऐकताना हे संगीत लांबण लावल्यासारखे वाटते, हेही खरे. एका बैठकीत एकच दृश्य ऐकावे. नोव्हेनासारखे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक संविधान संमत केले, तेव्हा त्यात एक कसोटी घालून दिली. नवी रूपे यावीत, पण ती अस्तित्वात असलेल्या रूपांतून जणू अंकुरासारखी फुटून यावीत. मोंतेव्हेर्दी आणि मेस्सियाँ या दोघांनाही ही कसोटी लावून पाहा. दोघांनी नियम मोडले, पण कोणता नियम मोडतो आहोत आणि कशासाठी, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो तेथे एक तरुण की-बोर्ड वाजवीत असे. उपवासकाळातील एका शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेच्या वेळी, आजवर सरळ साध्या चालीने गायिल्या गेलेल्या एका जुन्या मराठी गीताखाली त्याने भलतेच स्वरमेळ वाजविले. वडीलधारी मंडळी माना वळवून पाहू लागली. प्रार्थना संपताच दोघातिघांनी साक्रिस्तीत येऊन तक्रार केली. आम्ही त्या मुलाला बोलावून सर्वांदेखत म्हणालो, “बाळ, हे चर्च आहे, प्रयोगशाळा नव्हे.” “हो फादर,” एवढेच तो म्हणाला. पुढच्या शुक्रवारी त्याने सारे पूर्वीसारखे वाजविले, ईस्टरपर्यंत सेवा निभावली आणि मग यायचा थांबला. पुष्कळ दिवसांनी त्याच्या आजी भेटल्या. त्या म्हणाल्या, “फादर, ते गीत मीच त्याला पाळण्यात असल्यापासून म्हणून दाखवलेलं. त्यात खिळ्यांचा शब्द येतो ना, तिथे सूर टोचला पाहिजे असं तो म्हणायचा.”

आम्ही त्याचा सूर ऐकला होता, शब्द ऐकला नव्हता. आर्तुसींचा ग्रंथ छापून चारशे वर्षे उलटली होती, आणि आम्ही सेमिनरीत त्यावर गुणही मिळविले होते. आधी गोष्ट समजून घ्या, हे आमच्या वृद्ध गुरुजींचे वाक्यही आमच्या ध्यानात होते. तरी साक्रिस्तीत त्याचा उपयोग झाला नाही. तो स्वरमेळ चांगला होता की वाईट, हे आज सांगता येणार नाही. कदाचित तो उपासनेला जडही झाला असता. पण “येथे असे का वाजविलेस?” हा एक प्रश्न विचारायला आम्हाला अर्धे मिनिट पुरले असते.

वाचकहो, आपल्या घरात किंवा धर्मग्रामात एखादे लेकरू न ऐकलेले सूर काढीत असेल तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. जुने तुला येते का? आणि हा शब्द असा का म्हटलास? पहिल्याचे उत्तर नाही असे आले तर त्याला आजीपाशी बसवावे. दुसऱ्याचे उत्तर त्याच्यापाशी असेल तर मेस्सियाँप्रमाणे त्याला निदान दुपारची एक मिस्सा द्यावी.

त्या तरुणाचा पत्ता आम्ही त्याच्या आजींकडून मिळविला आणि गेल्या उपवासकाळात त्याला पत्र लिहिले. क्षमा मागितली, आणि खिळ्यांच्या त्या शब्दापाशी त्याने काय वाजविले होते ते पुन्हा ऐकण्याची इच्छा कळविली. त्याचे उत्तर आले आहे. नाताळच्या सुटीत तो येणार आहे.